ऊस ट्रॉलीच्या टायरला फडातच हवा भरायला कोणता कॉम्प्रेसर घ्यावा?

नदीकाठ:
राम राम मंडळी. शिरोळ तालुक्यात घरचा ऊस आणि वाहतुकीला लावलेला एक ट्रॅक्टर हाय, ५० एचपी, मागं दोन ट्रॉल्या. एकीला चार चाकं म्हणजे एकूण ८, सगळी ९.००-१६ ची, ट्यूबवाली. दोन्ही मिळून १४-१५ टन ऊस बसतो. कारखाना चालू व्हायला अजून दीड महिना हाय, तोवर एक चांगला हवेचा कॉम्प्रेसर घेऊन ठेवावा म्हणतोय जो ट्रॅक्टरवर टाकून फडात नेता येईल. गेल्या हंगामात दोनदा असं झालं की ट्रॉली भरून झाल्यावर हातातली बॅटरी (टॉर्च) मारून बघतोय तर मागच्या ट्रॉलीचं एक चाक बसलेलं, रात्रीचे साडेदहा, पंक्चरवाला ९ किलोमीटरवर, त्यो फोन उचलंना, तोडणीची टोळी खोपटावर गेलेली. मग सकाळपर्यंत खेप जाग्यावर पडून, ऊस वाळून वजन घटतंय ते आपलंच.

ऑनलाईन एक छोटा घेतला होता, चारचाकीच्या सॉकेटात घालायचा, खोक्यावर १५० पीएसआय (म्हणजे हवेचे पौंड) लिहिलेलं. ४५ पौंडाला आवाज बदलला, ५२ ला जळका वास आला आणि मेला. आता १२ व्होल्टचा मोठा घ्यावा का टाकीवाला का आणि काही, सांगा. बजेट १० हजार, लई झालं तर १२.

टामीपाना:
भावा खोक्यावरचं १५० विसर. तो आकडा म्हणजे ते यंत्र मरायच्या आधी कुठवर ढकलू शकतं तेवढंच सांगतो, किती वेळात ढकलतं ते नाही. तुला बघायचंय लिटर पर मिनिट, आणि तेही शून्य दाबाचं नाही तर ६०-८० पौंडाला किती देतो ते. चांगल्या कंपनीच्या कागदावर तो तक्ता असतो, नसला तर तिथंच समजायचं.

हिशेब सांगतो. ९.००-१६ च्या टायरात आत जागा अंदाजे ८० लिटर धर, माझं गणित हाय, पाच-दहा लिटर इकडंतिकडं. २० पौंडावरून ८५ ला न्यायचं म्हणजे ६५ पौंड चढवायचे, म्हणजे दाबाच्या दुसऱ्या मापात साडेचार बार, म्हणजे ३६० लिटर मोकळी हवा आत कोंबायची. तुझा छोटा पंप शून्याला ३० लिटर देत असला तर ५०-६० पौंडाला १० सुद्धा देत नसणार. अर्धा-पाऊण तास सलग. आणि असल्या पंपांच्या पुस्तकात ८-१० मिनिटं चालवा मग गार होऊ द्या असं लिहिलेलं असतं जे कुणी वाचत नाही. मोटार मेली यात तिची काय चूक.

नदीकाठ:
पुस्तक कारभारणीनं चूल पेटवायला घेतलं 😄

ह्यूस्टनकर:
मी मूळचा कराडचा, इकडे टेक्सासमध्ये कॅम्पर ट्रेलर ओढतो, त्यामुळे विषय जवळचा वाटला. माझ्या ट्रेलरला १५ इंची टायर आहेत, लोड रेंज ई (जड वजनाचा वर्ग), साइडवॉलवर म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर ८० पीएसआय लिहिलेलं. इकडचे ट्रेलरवाले सहसा १२ व्होल्टचा, बॅटरीला क्लिपा लावायचा कॉम्प्रेसर ठेवतात, सॉकेटवाला नाही, कारण सॉकेटचा फ्यूज १०-१५ अँपियरचा आणि ८० पौंडापर्यंत दमदारपणे चढवणारी मोटार २०-३० अँपियर खाते. एक महत्त्वाचा शब्द बघा, ड्यूटी सायकल. ३३ टक्के लिहिलं असेल तर १० मिनिटं चालवून २० मिनिटं थांबायचं. मी तोच वापरतो, मस्त चालतो.

टामीपाना:
दादा तुमचं बरोबर हाय पण तुम्ही निघायच्या आधी डांबरी रस्त्यावर उभं राहून ७२ चं ८० करताय. ह्यांचं भरलेली ट्रॉली चिखलात आणि चाक बसलेलं. दोन्हीला हवाच लागते पण काम येगळं.

ह्यूस्टनकर:
मान्य 🙂 चिखलाचा मुद्दा लक्षात नव्हता आला.

हिशेबवाली:
आमच्याकडे दोन गाड्या आहेत, चालवतात भाऊ आणि दीर, वही मी ठेवते. मागच्या हंगामात टायरपायी किती वेळा गाडी थांबली ते काढून बघितलं तर १९ वेळा, त्यात खरं पंक्चर म्हणजे खिळा, उसाचा खुंट, रिमनं ट्यूब चावणं असलं फक्त ६ वेळा. बाकी सगळं हळूहळू उतरलेली हवा जी कुणी चार दिवस बघितलीच नव्हती. तेव्हा नदीकाठ दादा आधी हे सांगा, रोज हवा मोजायचा गेज लावता का? नुसतं टायरला टामी (लोखंडी कांब) मारून आवाज ऐकणारे असाल तर राग मानू नका पण ८५ आणि ६० च्या आवाजात तुम्हाला फरक कळत असेल यावर माझा विश्वास नाही, आमच्या दिराला पण वाटायचं कळतो म्हणून.

आम्ही आता सकाळी गाडी हलायच्या आधी ८ चाकं बघतो, ७-८ मिनिटं लागतात. सकाळीच का, तर चालून आलेलं टायर गरम असतं आणि जास्त दाखवतं. थंडीत पहाटे १२ डिग्री आणि दुपारी ३२, नुसत्या एवढ्या फरकानंच ९० पौंडाच्या टायरात ७ पौंड वरखाली होतात. दुपारी जास्त दिसतंय म्हणून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी पहाटे परत कमी. आमचा एक ड्रायव्हर अख्खा डिसेंबर हेच करत होता.

नदीकाठ:
ताई खरं सांगू का, टामीच. गेज हाय पण त्यो टूलबॉक्सात तळाला.

वायरमन_वाळवा:
मी ऑटो इलेक्ट्रिशियन, ट्रॅक्टरचीच कामं जास्त. १२ व्होल्टचा घेणार असाल तर एक गोष्ट जी सगळे चुकतात. बॅटरी पुढं ट्रॅक्टरवर, बसलेलं चाक मागच्या ट्रॉलीचं, मधे अंतर धरा १२-१५ मीटर. मग माणूस काय करतो तर दुकानातून वायर आणून लांब करतो आणि कॉम्प्रेसर चाकापाशी नेतो. अडीच एमएमची वायर, १० मीटर जायची १० मीटर यायची, ३० अँपियर करंट, त्या वायरीतच ४ व्होल्ट खलास. मोटारीला पोचतात ८. ती फिरती पण ताकद नाही, दाब चढंना की तिथंच घरघरत बसती आणि गरम होती. मग गिऱ्हाईक म्हणतं कंपनी फ्रॉड.

वायर लांब करायची नाही, हवेची नळी लांब करायची. कॉम्प्रेसर बॅटरीजवळ, क्लिपा थेट बॅटरीच्या टर्मिनलला, इंजिन चालू ठेवून, आणि १५ मीटर नळी ८ एमएम आतून, चांगल्या रबराची. हवेला लांबीचं फार काही वाटत नाही, एवढ्या कमी लिटरला तर नाहीच. दोन सिलिंडरचा घ्या, शून्याला ७०-८० लिटर देणारा. ६० चं ८५ करायला ५-६ मिनिटं लागतील. पूर्ण बसलेल्याला मधे थांबत थांबत २५ मिनिटं धरा.

नळीच्या टोकाला दाबून धरायचं नॉझल नको, क्लिपवालं घ्या, आणि ट्रॉलीच्या ट्यूबचा वॉल (हवा भरायचा व्हॉल्व्ह) वाकडा असतो त्याला बसतं का ते दुकानातच चाक दाखवून बघा. माझ्याकडं एकजण सगळं घेऊन आला आणि नॉझल रिमच्या भोकातून आतच जाईना.

जुना_गडी:
तुमची सगळ्यांची वाचून झाली. आमच्या वेळी ट्रॅक्टरलाच बारका कॉम्प्रेसर बसवून घेत, इंजिनच्या पुलीवरनं पट्टा टाकून, एक सिलिंडरचा. अजूनही बसवून देतात. बॅटरी नको वायर नको, इंजिन चालू केलं की हवा, आणि दिवसभर चालला तरी दमत नाही. शिवाय हवेनं एअर फिल्टर, रेडिएटर साफ करता येतो, पाचटाचा भुस्सा जाळीत किती अडकतो ते ज्याला म्हाईत त्याला म्हाईत. वाहतुकीचा धंदा असंल तर मी हेच सांगीन. वाईट बाजू पण सांगतो. ट्रॅक्टर वॉरंटीत असंल तर आधी विचारून घ्या. पट्टा एका रेषेत नसला की महिन्याला पट्टा खातंय. आणि तेल फेकणारा मिळाला तर ते तेल हवेबरोबर ट्यूबमधी जातंय, रबराला ते बरं नाही, मधी एक तेलपाणी गाळायची वाटी लावा.

टाकी घेऊन फिरायचा विचार असंल तर ऐका. ५० लिटरची टाकी १२० पौंडाला भरून नेली आणि ६० पौंडाच्या चाकाला जोडली, दोन्हीकडं सारखं झालं की ८३ वर थांबतंय. म्हणजे एका टाकीत एक चाक, ते बी अर्धवट उतरलेलं. दुसऱ्या चाकाला परत गाव गाठा.

आणि काहीच नसंल तर स्टेपनी. दोन्हीकडं नॉझल असलेली नळी, ९० ची स्टेपनी ४० च्या चाकाला जोडली की दोन्ही ६५ वर येत्यात. तेवढ्यावर रिकामी ट्रॉली पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश जाती. भरलेली नाही, भरलेली नेऊ नका.

टामीपाना:
बाबा नळीची आयडिया एक नंबर, १०० टक्के करून ठेवणार.

नदीकाठ:
पट्ट्याचा विचार आवडला पण ट्रॅक्टर दीड वर्षाचा हाय, वॉरंटीचं लफडं नको. घरगुती लाईटवरचा २४-२५ लिटर टाकीचा १ एचपीचा कसा राहील? वस्तीवर ठेवतो.

वायरमन_वाळवा:
वस्तीवर सकाळी ८ चाकं टापटीप करायला तोच सगळ्यात चांगला, फक्त ८ बारचा हाय का बघा म्हणजे ११६ पौंड, कारण ८५ भरायला कट-इन (ज्या दाबाला मोटार परत चालू होते तो) त्याच्यावर लागतो. पण फडात त्याला लाईट कुठून आणणार, शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री. छोट्या जनरेटरवर चालवीन म्हणाल तर चालू होताना मोटार ३-४ पट करंट ओढते, जनरेटर गुदमरतो.

चाकाडॉक्टर:
टायरचंच दुकान आहे म्हणून एक तळमळीनं. फडात हवा भरायला निघालात ते ठीक पण बसलेलं चाक लोडवर किती चाललंय ते आधी बघा. नेहमीच्या हवेच्या ८० टक्क्यांच्या खाली टायर लोडवर पळालं असेल तर ते उतरवून आतून बघितल्याशिवाय भरायचं नाही हा आमचा नियम. आतले धागे तुटलेले असतात, बाहेरून दिसत नाही, ७० पौंडाला साइडवॉल फाटते आणि माणूस नेमका समोर वाकून गेज बघत असतो. आणि ट्रॉलीला जुन्या ट्रकचा अ‍ॅक्सल असेल, २० इंची चाक, लॉक रिंगवाली रिम (टायर वेगळ्या लोखंडी रिंगनं अडकवलेलं), तर फडात हात लावूच नका. ती रिंग सुटली तर काय होतं ते मी बघितलंय, लिहीत नाही. भरताना चाकाच्या समोर कधीच नाही, बाजूला ट्रेडच्या (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या) दिशेनं उभं राहायचं, लांब नळीचा हाही फायदा. हवा किती ते शेजारच्या ड्रायव्हरला विचारू नका, तुमच्या टायरवर प्लाय (टायरच्या ताकदीचा आकडा) आणि पौंड लिहिलेत, चिखल पुसा आणि वाचा. १४ प्लायला १६ प्लायची हवा मारणारे रोज येतात.

हिशेबवाली:
आणि ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाला त्याच नळीनं उत्साहात ८५ मारू नका, तिथं १२-१५ पौंडाची गोष्ट असते. पाणी भरलेलं असेल तर वॉल वर आणून मगच गेज लावा, नाहीतर गेजमध्ये पाणी. (आमच्या दिराचा किस्सा.)

नदीकाठ:
मंडळी, १२ दिवसांनी लिहितोय, धावपळ होती. शेवटी वायरमन दादांनी सांगितला तसला दोन सिलिंडरचा १२ व्होल्टचा घेतला, पावणेसात हजार, नळी १५ मीटर येगळी, क्लिपवालं नॉझल येगळं, स्टेपनीची दोन टोकाची नळी बी करून घेतली, सगळं मिळून ९ च्या आत बसलं. दुकानदार ३०० पीएसआय लिहिलेला दाखवत होता, मी म्हटलं ८० पौंडाला किती लिटर ते सांग, तर म्हणतोय साहेब असं कोण विचारत नाही.

काल ८ चाकं बघितली. ७१, ८४, ८२, ५८, ८५, ७९, ८३, ४४. ती ४४ वाली टामीनं मारली तर आवाज अगदी टणक. ५८ ला साबणाचं पाणी लावलं तर वॉलपिनमधून बारीक फुगे, पिन बदलली, १० रुपये. ४४ ला फुगे कुठंच नाहीत, लोडवर पळालेलं असणार म्हणून भरलं नाही, उद्या उतरवून टायरवाल्याकडं नेतोय. ५८ चं ८५ करायला ६ मिनिटं लागली, कॉम्प्रेसरला हात लावला तर चांगलाच तापलेला, गार होऊ दिला मग ७१ वालं घेतलं.

आता फक्त एक प्रश्न राहिला, नव्या कॉम्प्रेसरचा गेज ८५ दाखवतोय आणि माझा जुना पेनासारखा गेज ७८. कुणाचं खरं धरू?

चाकाडॉक्टर:
४४ वालं येताना बरोबर दोन्ही गेज घेऊन या. माझ्याकडचा तिसरा लावू. आणि जुना टूलबॉक्सच्या तळाला टाम्यांखाली होता ना, मला अंदाज आहे.