उत्तर: ऑफिसचे शेअर्ड फोल्डर लिनक्सवरून कसे उघडायचे?

नमस्कार मंडळी,

फाइल सर्व्हर विंडोजचा आहे, संगणकावर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार). फाइल मॅनेजरच्या नेटवर्क यादीत सर्व्हर दिसतच नाही. टर्मिनलमधून माउंट केलं (फोल्डर संगणकाला जोडलं) की 'एरर 112, होस्ट इज डाउन' येतं, पिंगला (सर्व्हरपर्यंत पोहोचता येतं का हे बघणाऱ्या कमांडला) मात्र उत्तर मिळतं. नेटवर्कवर फाइली वाटण्याच्या एसएमबी पद्धतीची जुनी आवृत्ती, म्हणजे एसएमबी 1 परत चालू करावं का?

---

नमस्कार,

> एसएमबी 1 परत चालू करावं का?

कृपया नको. मे 2017 मध्ये खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तो एसएमबी 1 मधल्याच भगदाडातून. सर्व्हर यादीत न दिसण्याचं कारणही तिथेच आहे. ती जुनी यादी एसएमबी 1 च्या आधाराने बनायची. आता यादी गेली, शेअर (ते शेअर्ड फोल्डर) जागेवरच आहे.

फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एल दाबून पत्ता थेट लिहा: एसएमबी, कोलन, दोन स्लॅश, सर्व्हरचं नाव, स्लॅश, शेअरचं नाव. विंडोजमधले उलटे स्लॅश इथे चालत नाहीत. नावाने लागलं नाही तर आयपी पत्ता टाकून बघा. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के, पत्ता तोच.

पिंग चालतं आणि 112 येतं, म्हणजे बहुतेक वेळा एसएमबीची आवृत्ती जुळत नाही. माउंटच्या ओळीत कुठून तरी उचललेलं 'व्हर्स=1.0' आहे का बघा. असेल तर 3.0 करा. एरर 115 आला तर फायरवॉलमध्ये एसएमबीचा 445 पोर्ट अडलाय. 13 आला तर आधी नाव, पासवर्ड आणि डोमेन तपासा. विंडोजमध्ये शिरताना टाकायचा पिन नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. 'बॅड सुपरब्लॉक' आलं तर घाबरू नका, डिस्क ठीक आहे. बहुधा असे शेअर माउंट करायला लागणारं सिफ्स-युटिल्स पॅकेज टाकायचं राहिलंय.

---

व्हर्स बदलल्यावर लागलं, आभार! आता दोन अडचणी. फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही. आणि एफएसटॅबमध्ये (संगणक सुरू होताना काय माउंट करायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये) ओळ टाकल्यापासून ऑफिसबाहेर संगणक सुरू होताना दीड मिनिट अडकतो.

---

> सेव्ह होत नाही

यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) दिला नाही तर सगळ्या फाइली रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याच्या नावावर दिसतात. 'आयडी' कमांड चालवा, येतील ते आकडे यूआयडी आणि जीआयडी (गटाचा क्रमांक) म्हणून ओळीत घाला. एकट्याच्या संगणकावर बहुधा 1000. तरीही अडलं तर सर्व्हरच्या बाजूला बघायला सांगा. तिथे शेअरची परवानगी वेगळी आणि फोल्डरची वेगळी असते, आणि दोन्हींत जी कडक तीच लागू होते. शेअरवर 'फक्त वाचा' असेल तर फोल्डरवर पूर्ण हक्क देऊनही उपयोग नाही.

> दीड मिनिट अडकतो

सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारी यंत्रणा) 90 सेकंद त्या शेअरची वाट बघत बसतं. ओळीत 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' घाला. मग फोल्डरला हात लावाल तेव्हाच जोडणी होईल.

पासवर्ड त्या ओळीत अजिबात ठेवू नका, एफएसटॅब कुणालाही वाचता येते. वेगळ्या क्रेडेन्शियल्स फाइलमध्ये युजरनेम, पासवर्ड, डोमेन अशा तीन ओळी लिहा, बरोबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा न सोडता. फाइल रूटच्या मालकीची करून परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्या. पासवर्डमध्ये स्वल्पविराम असेल तर तोही इथे चालतो. पर्यायांच्या ओळीत तिथेच तुटला असता.

शेअरच्या नावात मोकळी जागा असेल तर एफएसटॅबमध्ये तिच्या जागी उलटा स्लॅश आणि 040 लिहायचं. अवतरणचिन्हं तिथे कामाची नाहीत.