होळीत काय टाकायचं, कशी रचायची: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सचिव, ए-४०२: नमस्कार. होळीला दहा दिवस राहिले. दरवर्षीप्रमाणे ए आणि बी विंगच्या मधल्या चौकात लावायची का? आणि गच्चीवर पडलेली जुनी दारं, कपाटं त्यात टाकावीत अशी सूचना आली आहे. आज रात्रीपर्यंत मतं कळवा.

सी-७०१, सुरक्षा समिती: दारं-कपाटं अजिबात नकोत. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी) ज्या डिंकाने चिकटवतात तो बहुतेक युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो, तो जळला की डोळे आणि घसा झोंबणारा वायू निघतो. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. शिसं जळून नाहीसं होत नाही, ते धुरात आणि राखेत उतरतं. हीच राख दुसऱ्या दिवशी धुळवडीला मुलं अंगाला फासतात. पीव्हीसी पाइप, वायरी, थर्माकोल, टायर यांचीही तीच गत, पीव्हीसीतून तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं निघतात. शिवाय उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. दारं भंगारवाल्याला द्या.

बी-१०२: मग फक्त गोवऱ्या लावू. शेणी आणि तूप जाळलं की ऑक्सिजन तयार होतो, हवा शुद्ध होते, असा मेसेज फिरतोय.

डॉक्टर, बी-३०४: काकू, तो मेसेज चुकीचा आहे, कृपया पुढे पाठवू नका. काहीही जळताना ऑक्सिजन खर्च होतो, तयार होत नाही. तूप म्हणजे स्निग्ध पदार्थ, तो काजळी धरतो. गोवरी धुमसत जळते, म्हणून तेवढ्याच उष्णतेसाठी ती कोरड्या लाकडापेक्षा जास्त धूर देते. पूजेपुरत्या पाच गोवऱ्या ठेवा, ढीग नको.

बी-१०२: बरं डॉक्टर. पण वर्षातून एकदाच तर लावतो, दोन तासांत एवढं काय होणार?

डॉक्टर, बी-३०४: निरोगी माणसाला खोकला, डोळ्यांची आग, बस. दम्याच्या मुलाला तेवढ्यात अटॅक येऊ शकतो. धुरातले पीएम २.५ कण २.५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात, केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पटींनी बारीक. नाकात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. हृदयविकार असलेल्यांनाही त्याचा त्रास होतो. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीची मर्यादा दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. अ‍ॅपवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा आकडा, बघून निश्चिंत होऊ नका. सरकारी आकडाही २४ तासांच्या सरासरीवर निघतो आणि मोजणी केंद्र काही किलोमीटरवर असतं. चौकात दोन तास धूर कोंडला, हे त्यात दिसणारच नाही.

सी-७०१, सुरक्षा समिती: आणि चौकात तो कोंडणारच. सूर्यास्तानंतर जमीन लवकर गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, वारा पडतो. त्यात दोन्हीकडे सात मजले. होळी गेटजवळच्या मोकळ्या जागेत हलवू. इमारत, पार्किंग, गॅसचे मीटर आणि झाडाच्या फांद्यांपासून किमान ३० फूट. अग्निशमन दलाच्या गाडीचा रस्ता मोकळा राहिला पाहिजे. पेव्हर ब्लॉकवर थेट लावली तर ब्लॉक तडकतात. खाली सहा इंच वाळू पसरा.

ए-२०५: लाकूड किती घ्यायचं? गेल्या वर्षीचं पेटतच नव्हतं.

सी-७०१, सुरक्षा समिती: ओलं होतं म्हणून. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. ओल्या लाकडाची उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते, ज्योत थंड राहते आणि धूर सुटतो. वखारीतून ३० किलो पुरे. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. ओळखायचं असं: दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज यावा, कडेला भेगा असाव्यात, साल सहज सुटावी. ओलं असलं की आवाज बद्द येतो. आवारातलं झाड किंवा फांदी मात्र तोडायची नाही, परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

रचना चौकोनी, आडवी-उभी, बोटभर फटी ठेवून. जाड ओंडके खाली, बारीक काटक्या वर, उंची चार फुटांच्या आत. मध्ये एरंडाची फांदी असतेच, ती राहू दे. पेटवताना कापूर आणि काटक्या वरच्या टोकाला ठेवा. ज्योत वरून खाली उतरते, तेव्हा खालच्या लाकडाचा धूर ज्वाळेतून जातो आणि तिथेच जळून जातो. खालून पेटवली की वरची गार लाकडं धूर सोडत राहतात. पेट्रोल, रॉकेल कोणीही ओतायचं नाही. पेट्रोलची वाफ आधीच पसरलेली असते, भडका हातापर्यंत येतो. वाळलेला पाचोळाही नको, तो नुसता धुमसतो. खतखड्ड्यात टाका.

ए-२०५: नारळ टाकायचा ना?

सी-७०१, सुरक्षा समिती: हो, पण आधी एक डोळा फोडून. अख्ख्या नारळातल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो आणि निखारे उडतात. पुरणपोळीचा नैवेद्य एकच दाखवू, बाकीच्या पोळ्या वाटू. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ ही मोहीम आहेच.

डॉक्टर, बी-३०४: दम्याचे रुग्ण, गरोदर महिला, लहान बाळं आणि ज्येष्ठ यांनी पूजेचं दर्शन लांबून घ्यावं. घरी खिडक्या पेटवण्याच्या अर्धा तास आधी बंद करा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बंद ठेवा, तो बाहेरचा धूर घरात ओढतो. रुमाल बांधून बारीक कण थांबत नाहीत. एन-९५ घट्ट बसला तर थांबतात, पण वायू त्यातूनही जातो. आराम देणारा इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) जवळ ठेवा, रोजचा प्रतिबंधक इनहेलर सहसा त्याच्या जागी चालत नाही. एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले तर वाट न बघता १०८. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं, बर्फ आणि टूथपेस्ट नको.

सचिव, ए-४०२: मग ठरलं, गेटजवळ, ३० किलो. निखारे घरी नेणाऱ्यांसाठी काही?

डॉक्टर, बी-३०४: बंद खोलीत ठेवायचे नाहीत, बाल्कनीच्या बंद दाराआडही नाही. निखाऱ्यांना धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला वास नाही.

सी-७०१, सुरक्षा समिती: उरलेल्या निखाऱ्यांवर पाणी टाका, ढवळा, पुन्हा टाका. दोन बादल्या वाळू आणि बागेचा पाइप आधीच जोडून ठेवायला वॉचमनला सांगितलंत तर बरं, सचिवसाहेब.