१९७२ च्या आधीचे हँडबॉल
हँडबॉल ऑलिंपिकमध्ये १९७२ साली आले, असे म्हटले जाते; त्यात थोडी भर घालतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्येही पुरुषांचे हँडबॉल होते, मात्र ते फुटबॉलच्या मैदानावर, प्रत्येक संघात अकरा खेळाडू घेऊन खेळले गेले आणि अंतिम सामन्यात जर्मनीने ऑस्ट्रियाला १०-६ असे हरवले. उत्तर युरोपातील कडक हिवाळ्यामुळे बंदिस्त सभागृहातला सात जणांचा खेळ रुजत गेला आणि म्युनिकला १९७२ मध्ये आला तो हाच. तिथे युगोस्लाव्हियाने सुवर्णपदक मिळवले. आम्ही जळगावात शाळेच्या मैदानावर, काळ्या मातीत, भर उन्हात हाच सात जणांचा खेळ शिकलो, त्यामुळे तो थंडीपासूनच्या आडोशाला वाढला, याचे मला आजही नवल वाटते.