४० गॅलनच्या रीफ टँकसाठी जरा स्वभाव असलेले मासे सुचवा

सागरगोटे (न्यू जर्सी)
नमस्कार मंडळी. समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवलेला ४० गॅलन ब्रीडर टँक आहे, ३६ इंच लांब आणि १८ रुंद. वर्ष होऊन गेलं, पाणी आता सेट झालंय, ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, १.०२५ ला धरून असतो, टेम्परेचर ७८ फॅरनहाइट. कोरलमध्ये झोआ, थोडे मश्रूम, एक टोडस्टूल लेदर आणि एक हॅमर. मासे म्हणाल तर फक्त ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, आणि एक क्लीनर श्रिंप. प्रॉब्लेम असा की क्लाउन दिवसभर पंपाच्या बाजूच्या कोपऱ्यात डुलत बसतात आणि बाकीचा टँक नुसता दगड. आई सध्या इकडे आलीये, सकाळी चहा घेऊन टँकसमोर बसते, तिचं म्हणणं की दिसायला सुंदर आहे सगळं पण "आपल्याकडे बघणारा एक तरी मासा आण". तर असा मासा कोणता? अजून दोन, फार तर तीन घ्यायचेत. दुकानवाल्याने यलो टँग, सिक्सलाइन रास आणि मँडरिन सुचवलेत. कोरल कुरतडायला नकोत आणि श्रिंप जिवंत राहिली पाहिजे, एवढ्याच अटी.

कोलंबी_फ्राय (टेक्सस)
आईंना ब्लेनी दाखवा, विषय संपला. टेलस्पॉट ब्लेनी घ्या, जेमतेम अडीच इंचाचा होतो, तुमच्या टँकला एकदम फिट. दगडातलं एक भोक पकडतो आणि त्यातून फक्त तोंड बाहेर काढून बसतो, दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशेला फिरतात, एक तुमच्याकडे आणि एक जेवण कुठून येतंय तिकडे, नाकपुड्यांपाशी छोटे तुरे असतात ते वेगळंच. मध्येच बाहेर येणार, काचेवर तोंड घासून शेवाळ खाणार, काचेवर ओठांचे ठसे उमटतात ते बघा कधी, आणि क्लाउन जवळ आला की मागच्या मागे सुर्रकन भोकात. माझं मत असं आहे की ज्या माशाला बसायला जागा लागते ना त्यालाच स्वभाव दिसतो, सतत पोहणारे मासे छान दिसतात पण ते येतात आणि जातात, तुमच्याकडे बघायला थांबतच नाहीत. म्हणून ब्लेनी, गोबी, हॉकफिश या लायनीत शोधा.
लॉनमोअर ब्लेनी पण असाच नग आहे पण तो पाच इंचापर्यंत जातो आणि टँकमधलं शेवाळ संपलं की उपाशी मरतो, नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पट्टी) लावून बघावी लागते, सगळेच खात नाहीत. आणि दोन ब्लेनी एकत्र नकोत हां, मारामाऱ्या.

डेक्कन_क्लाउन (पुणे)
टँग नको. यलो टँग आठ इंचाचा मासा आहे, दिवसभर ये-जा करणारा, तीन फुटात तो येरझाऱ्या घालून घालून चिडका होतो आणि मग नवीन येणाऱ्या प्रत्येकाला शेपटीजवळचा काटा दाखवतो. शिवाय हवाईतून येणारा माल कोर्टाच्या निकालानंतर बंद झालाय, आता बहुतेक ब्रीड केलेलेच मिळतात आणि तुमच्याकडे पण भाव चढेच असतील.
बाकी तुमची मजा आहे बुवा, हॅमर वगैरे उघडपणे ठेवताय. आमच्याकडे हार्ड कोरल वाइल्डलाइफ ॲक्टच्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे वाघाच्या रांगेत, त्यामुळे मी फक्त मासे आणि कोरडे दगड. क्लाउन मात्र आपल्याकडे हॅचरीत तयार होतात, सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) ते तंत्र कधीच बसवलंय, तेवढं एक सुख.
माझ्याकडे फ्लेम हॉकफिश आहे आणि स्वभाव म्हणाल तर त्याच्यापुढे सगळे पाणी भरतात. त्याला पोहण्याची पिशवीच नसते, त्यामुळे पोहणं थांबवलं की खाली बसतो, म्हणून सारखा उंच दगडाच्या टोकावर पुढच्या परांवर रेलून पहारा. मी खोलीत आलो की मान वळवून बघतो, बायको आली की नाही, कारण खायला मी घालतो. तुमच्या आईंना हाच पाहिजे.

कोलंबी_फ्राय (टेक्सस)
अहो पण त्यांची श्रिंप?? हॉकफिश श्रिंप खातो.

डेक्कन_क्लाउन (पुणे)
मोठी आणि आधीपासून असलेली क्लीनर श्रिंप बऱ्याचदा वाचते. पण कात टाकल्यावर ती मऊ असते त्या रात्री भरवसा नाही, हे मान्य. अट आहे म्हणताय तर राहू दे, हॉकफिश बाद.

मीठभाकर (सिंगापूर)
सागरगोटे, माझं मत वेगळं आहे, एक मासा नका बघू, जोडी बघा. यलो वॉचमन गोबी आणि टायगर पिस्टल श्रिंप. श्रिंपला जवळजवळ काहीच दिसत नाही, ती बीळ खणते, गोबी दारात बसून राखण करतो. ती बाहेर आली की एक मिशी कायम गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते, आणि काही धोका वाटला की गोबी शेपूट हलवतो, की ती आत. ती खडे एकेक करून उचलून बाहेर आणते, ढकलते, परत आत जाते, तो बिचारा तोंड वाकडं करून बसलेला, बघतच राहावं. आमच्याकडे पाहुणे टीव्ही सोडून तिकडे बसतात.
आता थोडं कटकटीचं. वाळू निदान दोन-तीन इंच पाहिजे आणि त्यात थोडे कोरलचे तुकडे मिसळा, नुसत्या बारीक वाळूत बीळ ढासळतं. मोठे दगड वाळूवर नाही, थेट काचेवर टेकलेले हवेत, नाहीतर ती खालून पोखरते आणि दगड कोसळतो. तुमचे मश्रूम खाली असतील तर वर घ्या, रोज सकाळी त्यांच्यावर वाळूचा ढीग पडलेला असेल. आणि रात्री टक्क असा आवाज आला तर काच तडकली म्हणून धावू नका, ती पंजा मिटते त्याचा आवाज असतो.

सागरगोटे (न्यू जर्सी)
हे भारी आहे, आईला व्हिडिओ दाखवला, तिला गोबीचं तोंड बघून आमच्या गावच्या पोस्टमास्तरांची आठवण झाली 😄 मँडरिन आणि सिक्सलाइनबद्दल कोणीच बोललं नाही पण? मँडरिन लेकीला फार आवडलाय.

मीठभाकर (सिंगापूर)
मँडरिन दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक जीव, टिपत फिरतो, तुमच्या आकाराच्या टँकमध्ये ते थोड्याच दिवसात संपतात आणि मग पोट खपाटीला जातं. मुलीला समजावा. अगदीच हट्ट असेल तर ब्रीड केलेला आणि फ्रोझन खाणारा मिळतो का बघा, दुकानात स्वतःच्या डोळ्यांनी खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोलंबी_फ्राय (टेक्सस)
सिक्सलाइन हा चार दिवस गोड आणि नंतर गुंड. रात्री स्वतःभोवती शेंबडासारखा कोष करून झोपतो, ते बघायला मजा येते खरी, पण लहान टँकमध्ये एकदा का मालक झाला की ब्लेनी गोबी कोणाला बाहेर डोकावू देत नाही, आणि मग पकडून काढायचा म्हटलं तर सगळे दगड बाहेर. त्यापेक्षा तिसरा मासा हवाच असेल तर रॉयल ग्रामा, अर्धा जांभळा अर्धा पिवळा, कपारीच्या छताला पोट लावून उलटा पोहतो, आईंना वाटेल मेला की काय, आधीच सांगून ठेवा.

डेक्कन_क्लाउन (पुणे)
क्रम सांभाळा. आधी गोबी आणि श्रिंप एकत्र सोडा, जमलं तर एकाच कोपऱ्यात, मग काही आठवडे थांबून ब्लेनी, ग्रामा सगळ्यात शेवटी कारण आपल्या कपारीसाठी तो भांडतो. प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवा, निदान महिनाभर, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मेन टँकमध्ये शिरला की कोरलमुळे तिथे कॉपरचं औषध टाकता येत नाही, मग सगळे मासे बाहेर काढून टँक अडीच महिने रिकामा ठेवत बसा.

सागरगोटे (न्यू जर्सी)
ठरलं मग, वॉचमन + पिस्टल, नंतर टेलस्पॉट. ग्रामाचं बघू. वर झाकण नाहीये, उघडा टँक आहे, चालेल ना?

मीठभाकर (सिंगापूर)
अजिबात नाही. गोबी घाबरला की उडी मारतो, ब्लेनी पण. चौकट करून पारदर्शक जाळी लावा, पाव इंचाची, उजेड पण अडत नाही. पंपाची वायर जिथून आत जाते ती फट विसरू नका, नेमके तिथूनच बाहेर पडतात. जाळी आधी, मासे नंतर.