पराग सापळ्यामुळे पेटी खंगली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बार्शीजवळ करडईच्या शेताकडेला माझ्या मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या दहा पेट्या आहेत. मध तीन हंगाम काढतेय, पराग यंदा पहिल्यांदाच. दोन पेट्यांच्या दाराला पोलन ट्रॅप लावले, साधारण 5 मिलिमीटर भोकांची पट्टी असलेले. माशी अंग चोरून आत शिरते आणि मागच्या पायांवरच्या गोळ्या निसटून खालच्या ट्रेमध्ये पडतात. पहिल्या संध्याकाळी पिवळ्या-केशरी गोळ्या बघून इतका आनंद झाला की बारा दिवस सापळे काढलेच नाहीत.

काल पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी उचलल्या. अळ्यांच्या भोवती परागाने भरलेल्या घरांचं कडं असतं, ते जवळजवळ रिकामं. एरवी पांढऱ्या खिरीत लोळणाऱ्या लहान अळ्या कोरड्या घरांत पडलेल्या. पट्टीच्या आतल्या बाजूला नर अडकून मेलेले. सापळा नसलेल्या आठही पेट्या ठणठणीत आहेत, म्हणजे चूक माझीच. जिवाला फार लागलंय.

शिवाय एका रात्री ट्रे तसाच राहिला, दव पडलं आणि पराग बुरशीला गेला. तो फेकला. बाकीचा फ्रीजरमध्ये आहे.

पेटी सावरायला काय देऊ? सापळा किती दिवस ठेवायचा? पराग उन्हात वाळवला तर चालेल का?

प्रतिसाद:
ताई, आधी सापळे काढा. नुसत्या साखरपाण्यावर भागणार नाही, अळ्यांना लागणारी प्रथिनं परागातूनच येतात. फ्रीजरमधला चांगला पराग पिठीसाखर आणि तुमच्याच पेटीतल्या मधात मळा, चपटी टिक्की करून चौकटींवर ठेवा. करडई फुलात आहे, बाकीचं माश्या बघतील.

पुढे सापळा फक्त जोमदार पेटीला लावा. मी दोन दिवस लावतो, मग चार-पाच दिवस काढून ठेवतो. नरांना बाहेर पडायला वेगळी वाट हवीच. ट्रे रोज संध्याकाळी रिकामा करा. ऊन नको, रंग आणि कस दोन्ही जातात. आधी दोन दिवस फ्रीजर, म्हणजे किड्यांची अंडी मरतात. मग 40 अंशांच्या आत ड्रायरमध्ये. मुठीत दाबल्यावर गोळ्या एकमेकींना चिकटल्या नाहीत की वाळला समजा. विकताना ॲलर्जीची सूचना बरणीवर लिहायला विसरू नका.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. सकाळीच सापळे काढले, टिक्क्या ठेवल्या. तासाभर दारापाशी बसले होते. माश्या पायांवरच्या केशरी गोळ्यांसकट सरळ आत जात होत्या.