याद्या नकोत, एकच अल्बम हातात द्या
मुलांना शास्त्रीय संगीताची आणि वाचनाची गोडी कशी लावायची, हा प्रश्न निघाला की कुणीतरी म्हणतंच, पंधरा-सोळा वर्षांची मुलं अख्खा अल्बम ऐकतच नाहीत. मला नाही पटत. आपण त्यांना काय ऐकावं, काय वाचावं याच्या लांबलचक याद्या देतो, तिथेच गाडी अडते. एकच सुचवा: 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७), शास्त्रीय वाद्यसंगीताचा अल्बम. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिरभैरव रागापासून पुढे रागारागांतून उलगडत जाणारा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार! गिटार शिकणारी मुलं तिथे हमखास कान टवकारतात.

त्याच्या जोडीला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी': छोटेखानी कादंबरी, धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर.

मैफलीला मात्र नुसतं 'जा' म्हणू नका, सोबत न्या. पुढे बसवा. तबलजी हातोडीने तबला सुरात लावतो, ते जवळून पाहू द्या.