डाकाचा पहिला अर्ज आज पाठवावा का? माझं मत: नाही

रॅरिटनकाठची

ज्याच्याकडे आधीपासून डाका (DACA, हद्दपारी लांबणीवर टाकणारी अमेरिकन सवलत) आहे त्याने नूतनीकरणाला एक दिवसही उशीर करू नये. ज्याने आजवर कधीच अर्ज केलेला नाही, त्याने आज पहिला अर्ज पाठवू नये. न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी फी आणि आर्थिक मदतीच्या खिडकीवर बसते, त्यामुळे हा प्रश्न वरचेवर समोर येतो. आमच्या ऑफिसातच यावर दोन तट आहेत, इथेही पडतील.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. लहानपणी आईबापांनी अमेरिकेत आणलं, कागद नव्हतेच किंवा व्हिसा संपून गेला, अशांसाठी ओबामा सरकारने १५ जून २०१२ ला ही सवलत जाहीर केली. हद्दपारीची कारवाई दोन वर्षं लांबणीवर आणि तेवढ्यापुरता कामाचा परवाना. पुढे दर दोन वर्षांनी पुन्हा तेच. यातून ग्रीन कार्ड मिळत नाही, नागरिकत्व तर नाहीच. सोळावा वाढदिवस व्हायच्या आत आलेला हवा, १५ जून २००७ पासून सलग इथे राहिलेला हवा, १५ जून २०१२ ला ३१ वर्षं पूर्ण झालेली नकोत, त्या दिवशी इथे हजर हवा आणि त्या दिवशी हातात कुठलाही वैध दर्जा नको. शिवाय शिक्षणाची अट आहे आणि गुन्ह्यांची.

या तारखा आजतागायत हललेल्या नाहीत. जे पोर २००८ मध्ये कडेवर बसून आलं त्याचा या योजनेशी संबंधच येत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या बहुतेकांना मी हेच सांगते आणि विषय तिथेच संपतो. दुसऱ्या टोकाला, यातला सगळ्यात थोरला 'मुलगा' १९८१ चा आहे, त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत.

राहिले ते, जे अटींत बसतात पण भीतीपोटी किंवा पैशांअभावी थांबले. त्यांच्यासाठी टेक्सासच्या न्यायाधीश हॅनन यांचा १६ जुलै २०२१ चा निकाल महत्त्वाचा: जुन्यांचं नूतनीकरण चालू, नव्यांना मंजुरी बंद. यूएससीआयएस (इमिग्रेशनचे अर्ज हाताळणारं सरकारी खातं) पहिला अर्ज घेतं, पैसे घेतं आणि गठ्ठा बाजूला ठेवतं. जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या सर्किट कोर्टाने (हॅनन यांच्या वरचं अपील कोर्ट) ती बंदी टेक्सासपुरती आणली, तरी पहिल्या अर्जांचे निर्णय काही सुरू झालेले नाहीत. म्हणजे ऑनलाइन ५५५ किंवा कागदावर ६०५ डॉलर मोजायचे, कुठून, कधी, कसा आलास आणि आजवर कुठकुठे राहिलास ते आय-८२१डी या डाकाच्या फॉर्मवर सहीनिशी लिहून द्यायचं, आणि बदल्यात फक्त पावती. ज्या सरकारला तुमचा पत्ता माहीत नाही, त्याला तो आपणहून का सांगायचा?

निमूट

ताई, असहमत. मी स्वतः डाकावर आहे, म्हणून लिहितो.

२००१ मध्ये सहा वर्षांचा असताना आलो, बाबांच्या व्हिसावर. डॉट-कॉमच्या पडझडीत त्यांची नोकरी गेली, व्हिसा गेला, आणि "पुढच्या वर्षी परत जाऊ" असं म्हणत म्हणत मी दहावीला पोचलो. २०१२ मध्ये घरात हेच भांडण झालं. बाबा म्हणाले, निवडणूक तोंडावर आहे, थांब. आई म्हणाली, भर. मी भरला.

थांबलेल्यांचं काय झालं ते बघा. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने योजना गुंडाळली, नवे अर्ज बंद. डिसेंबर २०२० मध्ये कोर्टाने उघडले, जुलै २०२१ मध्ये हॅननसाहेबांनी पुन्हा मिटले. दार उघडं राहिलं ते जेमतेम सात महिने! ज्यांची फाइल तयार होती त्यांच्यातल्याही थोड्यांनाच मंजुरी मिळाली. जो "बघू, परिस्थिती निवळू दे" म्हणत होता तो आजही बघतोच आहे.

आणि फाइल एका रात्रीत होत नाही. १५ जून २०१२ ला, शुक्रवारी, तू या देशात होतास हे सिद्ध कर म्हणतात. सांगा बरं, तुमच्यातल्या कितीजणांना जमेल? माझ्याकडे शाळेच्या हजेरीची छापील यादी होती, कारण न्यू जर्सीत जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत शाळा असते. धाकट्या चुलत बहिणीकडे लसीकरणाचं कार्ड, दंतवैद्याची बिलं आणि वाचनालयाच्या दंडाची पावती, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. तिची शाळेपर्यंतची वर्षं सहज जुळली. अडलं ते शाळेनंतर, रोखीत पगार घेऊन हॉटेलात भांडी घासली त्या वर्षांचं. मालक लिहून द्यायला तयार नाही, कारण मग तोच अडकतो.

खडूस काका

मुळात ही योजना बेकायदा आहे. हे मी म्हणत नाही, कोर्ट म्हणतं. २०१२ च्या आधी खुद्द ओबामा जाहीरपणे सांगत होते की नुसत्या आदेशाने हद्दपारी थांबवणं माझ्या हातात नाही, कायदा काँग्रेसने करायचा असतो. मग निवडणुकीच्या वर्षात हात एकदम लांब झाला. ड्रीम ॲक्ट (अशाच मुलांना कायमचा दर्जा देणारा मसुदा) पहिल्यांदा २००१ मध्ये मांडला गेला, डर्बिन आणि हॅच, म्हणजे एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. २०१० मध्ये खालच्या सभागृहात पास झाला, सिनेटमध्ये ५५ मतं मिळूनही अडला, कारण ६० लागतात. लोकप्रतिनिधींनी नाही म्हटलं की नाही. मागच्या दाराने तेच आणायचं आणि मग मुलांना पुढे करून रडायचं, हे मला पटत नाही.

निमूट, तुमच्याबद्दल वैयक्तिक राग नाही. तुमच्या वडिलांबद्दल आहे.

निमूट

काका, तो मलाही आहे. पण त्यांच्यावरचा राग माझ्या लायसन्सवर काढू नका.

वकीलबुवा

(नावावर जाऊ नका, इमिग्रेशन वकिलाकडे पॅरालीगल आहे.)

काका, अर्धं बरोबर. कारवाई लांबणीवर टाकायचा अधिकार ओबामांनी शोधलेला नाही. सत्तरच्या दशकात जॉन लेननला हद्दपार करायला निघाले होते, तेव्हा त्याचा वकील लिऑन वाइल्ड्सने सरकारी फायली उघडायला लावल्या आणि अशी सवलत गुपचूप कित्येकांना दिली जाते हे बाहेर आणलं. वाद आहे तो संख्येचा आणि कामाच्या परवान्याचा. एकेकट्या माणसाला दया दाखवणं वेगळं आणि लाखोंना अटी छापून देणं वेगळं, हे हॅनन यांचं म्हणणं. ते हास्यास्पद नाही.

पण दुसऱ्या बाजूचे लोक "२०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने डाका वैध ठरवलं" असं सांगत फिरतात, तेही चूक. जून २०२० चा ५-४ निकाल, मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलेला, एवढंच सांगतो की योजना बंद करायची पद्धत मनमानी होती. नीट कारणं देऊन बंद करता आली असती.

आता रॅरिटनकाठची यांच्या पत्त्याच्या भीतीबद्दल. अर्जातली माहिती कारवाई सुरू करायला वापरणार नाही, हे आधी नुसतं धोरण होतं, ऑगस्ट २०२२ च्या नियमात ते घातलंय. गुन्हा, फसवणूक वगैरे अपवाद आहेत. त्यामुळे भीती अगदी तुम्ही म्हणता तेवढी नाही. पण नियम बदलता येतात, आणि एकदा दिलेला पत्ता परत घेता येत नाही.

आणखी एक. निमूटसारखा विमानाने, व्हिसावर आलेला मुलगा आणि नदी ओलांडून आलेला मुलगा यांना एका तराजूत तोलू नका. रीतसर तपासणी होऊन आत आलेल्याने पुढे अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं तर बहुतेकदा इथेच राहून ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. दुसऱ्याला तो रस्ता सहसा नाही. आपली माणसं बहुधा पहिल्या गटातली, त्यामुळे डाकाच्या मागे लागण्याआधी तो जुना पासपोर्ट आणि आय-९४ (देशात रीतसर आल्याची नोंद) शोधा.

एच-४ ची आई

मी गप्प बसणार होते. माझी थोरली २००६ मध्ये आली, तीन वर्षांची होती. नवरा एच-१बी वर, प्रत्येक टॅक्स भरलेला, प्रत्येक मुदतवाढ वेळेत. नोकऱ्या बदलल्या त्यात ग्रीन कार्डची फाइल २०१४ मध्ये लागली. ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यात भारताची रांग. मुलगी २०२४ मध्ये एकवीसची झाली, आमची तारीख आली नाही, आणि ती आमच्या अर्जातून गळली. आता एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे, परदेशी विद्यार्थ्याची फी भरते, त्या गावात, जिथे ती बालवाडीत गेली.

डाकाच्या सगळ्या तारखांत ती बसते. एक सोडून: १५ जून २०१२ ला तिच्याकडे वैध व्हिसा होता. एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या बायकामुलांचा व्हिसा) असताना तिला आइस्क्रीमच्या दुकानातही काम करायची परवानगी नव्हती, आणि तिच्या वर्गमैत्रिणीला त्या सात महिन्यांत डाका मिळून परवाना आला. मला त्या मुलीचा हेवा वाटला. वाटला म्हणून सांगते.

रॅरिटनकाठची

हेवा वाटणारच हो. पण डाकावाल्याने तुमच्या रांगेतला एकही नंबर घेतलेला नाही. तिथे व्हिसाचा कोटाच नाही. तुमच्या मुलीची वाट ७ टक्क्यांच्या नियमाने अडवली, त्या वर्गमैत्रिणीने नाही. आपल्या मंडळाच्या गणपतीत मात्र "ते इल्लीगल" म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचीच पोरं एकविशीला पोचली की मला फोन येतो.

एच-४ ची आई

मी नाक मुरडलेलं नाही. पण सभा-मोर्चात आमच्या मुलांचं नाव कोण घेतं? डाकाचा आदेश निघाला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही की वैध असणं ही अपात्रता ठरेल. आमच्या अशा मुलांसाठीचा अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट पुन्हा पुन्हा मांडतात आणि पडून राहतो. दोघांचं एकत्र करा, मी सही देईन. एकट्या डाकाला देणार नाही.

खडूस काका

बाईंना +१.

ह्यूस्टनकर

तुम्ही न्यू जर्सीत बसून चर्चा करताय. पाचव्या सर्किटचा निकाल अमलात आला तर टेक्सासमधल्यांचं हद्दपारीपासूनचं संरक्षण राहील पण कामाचा परवाना जाईल. माझ्या हाताखाली असा एक सुपरवायझर आहे, दोन मुलं इथेच जन्मलेली. त्याने घर विकून राज्य बदलावं का, यावर कुणी बोलत नाही. नूतनीकरण मुदत संपायच्या १५० ते १२० दिवस आधी करतात, तो १५० व्या दिवशी पाकीट टाकतो.

तात्या सोलापुरी

एक भाबडा प्रश्न. एवढा त्रास असेल तर निमूट यांनी भारतात का परतू नये? इंजिनियर असाल तर पुण्यात नोकऱ्या आहेत.

निमूट

तात्या, मराठी वाचतो, लिहितो, पण पुण्यात मला कुणी ओळखत नाही. आगाऊ परवानगी न घेता बाहेर पडलो तर डाका संपतं. आजी गेली तेव्हा परवानगी मागितली, हातात येईपर्यंत तेरावं होऊन गेलं होतं.

ताई, तुमच्याकडे परत येतो. तुम्ही पाठवू नका म्हणता. उद्या कोर्टाने दार उघडलं तर आधी कुणाची पाकिटं निघतील? जी आत पडून आहेत त्यांची.

रॅरिटनकाठची

असं कुठे लिहिलंय? जुलै २०२१ ला हजारो पहिले अर्ज आत होते, ते तसेच पडून राहिले. फाइल तयार ठेवा, हजेरीची यादी शाळेतून आजच काढा, शाळा जुनी रेकॉर्ड्स टाकून देतात. सहाशे डॉलर मात्र वकिलाच्या एका नीट सल्ल्यावर घालवा. आणि वकील म्हणजे वकील, "मी सगळं करून देतो" म्हणणारा कर सल्लागार नव्हे.

वकीलबुवा

शेवटच्या वाक्याला दोन्ही हात वर. बाकीच्यावर आमच्या ऑफिसातही एकमत नाही: आमच्या थोरल्या वकीलबाई पाठवा म्हणतात, धाकटे थांबा म्हणतात.